हक्क राखून

६ जानेवारी २०२५, सोमवार. संध्या. ७.
प्रतिवादीने अखेर लेखी जबाब दाखल केला. पानं: दीड. त्यातलं अर्धं पान सही आणि शपथ.

माझा दावा अठरा पानांचा, नकाशा वेगळा. सत्तावीस वर्षं तहसीलमध्ये सरकारी टपाल लिहिलं, २००३ मध्ये अव्वल कारकून म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली. शिपायाच्या रजेच्या अर्जालासुद्धा मी दोन पानी उत्तर द्यायचो. आणि हा माणूस कोर्टाला दीड पान देतो.

मजकूर असा की, दाव्यात लिहिलेलं खरं नाही, प्रतिवादीस कबूल नाही, दावा खारीज व्हावा. संपलं. फाटक होतं की नव्हतं, ते कोणी बुजवलं, कधी, काहून, यावर एक अक्षर नाही.

दिवाणी कायद्याचं पुस्तक काढलं. ऑर्डर आठ, रूल तीन, चार, पाच. मोघम नकार चालत नाही. एकेक गोष्ट वेगवेगळी नाकारावी लागते. जी नाकारली नाही ती कबूल धरतात. तीनदा वाचलं, लाल पेनने अधोरेखित केलं. म्हणजे मी जिंकलोच आहे, कोर्टाला फक्त कळवायचं बाकी.

आनंद व्हायला पाहिजे होता. काही वाटलं नाही. थंडीमुळे असेल.
बी.पी. १५०/९०.

७ जानेवारी, मंगळवार.
अर्जाची तयारी म्हणून वस्तुस्थिती पुन्हा एकदा मांडून ठेवतो.

वादी: मी, नरहर पांढरीपांडे, वय ६९, रा. वणी. प्रतिवादी: बाबाराव ताजणे, वय ७१, कोळसा खाणीतल्या वजनकाट्यावरून निवृत्त. दोघांची घरं एकाच ले-आउटमध्ये, पाठीला पाठ लावून. त्याचं समोरचं दार पलीकडच्या रोडवर. मधल्या भिंतीत लोखंडी फाटक, सन २००३ पासून. मागच्या एप्रिलमध्ये माझी पत्नी रत्ना गेली. मे महिन्यात प्रतिवादीने फाटक काढलं आणि तिथे विटा रचल्या. नोटीस नाही, विचारणा नाही. कारण विचारलं तर म्हणाला, तसंच करा लागत होतं भाऊ, आता तुम्ही समोरून येत जा ना.

समोरून म्हणजे पूर्ण गल्लीला वळसा. सात मिनिटं.

एकवीस वर्षांची निर्वेध वहिवाट. कायद्याला वीस पुरतात. दुपारी दोनला फाटकाची कडी वाजायची, पाचला पुन्हा वाजायची. आता वाजत नाही. ही वहिवाटीला आलेली बाधा होय (दावा, परिच्छेद ११).

दुपारी २ ते २.३० स्थळपाहणी. मागच्या अंगणात खुर्ची टाकून. बदल नाही.

संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणे. साखर बंद. रत्नाचं कपाट रविवारी आवरणे.

१० जानेवारी, शुक्रवार.
वकील मॅडमकडे. अ‍ॅड. मैत्रेयी भगत. वय तीसच्या आत, स्कुटीवर फिरतात, पण मराठी टायपिंग स्वच्छ.

अर्जाची कल्पना सांगितली. जबाब अपुरा आहे, सबब दावा कबूल धरून निकाल द्यावा. वाटलं होतं उठून उभ्या राहतील. त्या म्हणाल्या, काका, राहू द्या. त्यांनी कमी लिहिलं ते आपल्याच फायद्याचं. जे लिहिलं नाही ते उद्या पुराव्यात सांगता येणार नाही त्यांना. तुम्ही डिवचलं की ते सुधारून आणतील. हे म्हणजे आ बैल मुझे मार.

अनुभव कमी आहे. मी म्हटलं, आणू द्या ना, आहे काय त्याच्याकडे आणायला? त्यांनी पेन खाली ठेवला आणि विचारलं, काका, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? मी म्हटलं, फाटक. त्या म्हणाल्या, कशासाठी? मी परिच्छेद ११ दाखवला.

चालायला गेलो नाही. रोडवर ट्रकांची धूळ.

१२ जानेवारी, रविवार.
पीयूषचा पुण्याहून फोन. अकरा मिनिटं. म्हणाला, बाबा, इकडे या महिनाभर, नातीला तरी भेटा. सांगितलं की प्रकरण चालू असताना मुख्यालय सोडता येत नाही. तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता.

कपाट: किल्ली सापडली. पुढच्या रविवारी.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
सुखीबाई (सकाळी आमच्याकडे पोळ्या, दुपारनंतर ताजणेंकडे भांडी) कौसल्यावहिनींनी दिलेले तिळगुळाचे लाडू आणि ओल्या तुरीच्या सोले-वांग्याची भाजी घेऊन आली. वहिनी म्हणजे प्रतिवादीची पत्नी. दावा लागल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी एक वाटी येते. मी प्रत्येक वेळी डायरीत लिहून ठेवतो: वस्तू स्वीकारली, हक्क राखून. उद्या कोर्टात म्हणायला नको की वादीने समेट केला.

भाजी हक्क राखून खाल्ली. मीठ बरोबर.

वाट्या साचल्या आहेत. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, ही रत्नाची शिस्त. आणि भरून पाठवायला माझ्याकडे काही नसतं. ओट्यावर उतरंड झाली आहे. मॅडमना फोन करून विचारलं की वाट्या पुरावा म्हणून दाखल करता येतील का. त्या म्हणाल्या, काका, जेवलात का?

१६ जानेवारी, गुरुवार.
सुखीबाईकडून महत्त्वाची माहिती. प्रतिवादीचे वकील पूनमसिंग राठोड त्याच्या घरी आले होते, तेव्हा ही भांडी घासत होती. राठोडांनी मोठा जबाब लिहायला काढला होता. बाबाराव त्यांना म्हणाला, जास्त लिवू नका जी वकीलसाहेब, दोन ओळीत भागवा. एकटा माणूस हाये.

एकटा माणूस म्हणजे कोण, मी विचारलं. सुखीबाई म्हणाली, मले काय समजते बाबूजी कोर्टाचं, मी आपलं आयकलं ते सांगतलं. आणि पोळी उलटवत राहिली.

माझा निष्कर्ष: भीती. तपशील लिहिला की पकडला जाईल, हे त्याला माहीत आहे. एकटा माणूस म्हणजे तोच. साक्षीदार नसेल कोणी.

१९ जानेवारी, रविवार.
अर्जाचा मसुदा पूर्ण. चौदा पानं. जेवण झाल्यावर एक ते दोन मोठ्याने वाचला. ऐकून वाचल्याशिवाय भाषेतला खडा लागत नाही, ही माझी जुनी सवय. रत्नाला माझं ड्राफ्टिंग आवडायचं. मी वाचायचो, ती ऐकता ऐकता डोळे मिटायची, इतकं लक्ष. बरोबर दोनला उठून ताजणेंकडे काहीबाही द्यायला जायची ती पाचला यायची. कौसल्यावहिनी बोलक्या आहेत, सोडत नसतील.

सातव्या पानावर अडलो. मोघम की संदिग्ध, असं विचारलं. घरात कोणी नाही हे नंतर लक्षात आलं. ‘मोघम’ ठेवला.

शेवटचं वाक्य फार चांगलं साधलं आहे. नोंद म्हणून उतरवतो: “जो नाकारत नाही तो कबूल करतो, हा केवळ न्यायालयाचा नव्हे, तर माणसामाणसांतलाही नियम आहे.”

कपाट राहिलं. अर्जात दिवस गेला.
स्थळपाहणी: बदल नाही. विटांवर एक सरडा.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
अर्ज दाखल. मॅडम म्हणाल्या, चौदा पानांची तीन करू का? नकार दिला. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की अर्ज अशिलाच्या आग्रहावरून. आनंदाने दिलं, वर तारीख-वेळही टाकली.

साखर बंदच आहे, चहातली सोडून.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
तारीख. साहेबांनी अर्ज चाळला आणि शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. सगळं कोर्ट माझ्याकडे पाहत होतं. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, हे तुम्हीच लिहिलं? मी म्हटलं, होय. ते म्हणाले, बसा. छाप पडली.

राठोडांनी मुदत मागितली.

बाहेर टपरीवर बाबाराव आधीच उभा होता. त्याने दोन चहा सांगितले. घेतला, हक्क राखून. तो बराच वेळ कप फुंकत राहिला, मग म्हणाला, नरहरभाऊ, कायले खोदून राह्यले? जाऊ द्या ना. मी म्हटलं, खोदल्याशिवाय सत्य निघत नसतं. तो म्हणाला, निंगते जी, पन मंग ते पुन्हा आत टाकता येत नाही. कौसल्येनं आज गोळाभात केला हाये, समोरून या जेवाले.

पुन्हा समोरून. वर्ष होत आलं, दर भेटीत हेच. डाव साधा आहे. मी एकदा समोरून गेलो की वादीस दुसरा रस्ता उपलब्ध आहे, हे सिद्ध झालं. त्याच्या दाराबाहेर कॅमेरा असेल, किंवा पोरं-टोरं साक्षीला असतील. मे महिन्यापासून मी त्या रोडने गेलेलोसुद्धा नाही. दवाखान्यात जायचं तर टिळक चौकाकडून जातो.

नाही म्हटलं. गोळाभात सुखीबाईच्या हाती आला. हक्क राखून.

५ मार्च, बुधवार.
आदेश झाला. जबाब मोघम आहे हे कोर्टाने मान्य केलं! शब्दशः! मात्र तेवढ्यावर निकाल देणं योग्य वाटत नाही, प्रतिवादीने सुधारित, परिच्छेदवार, तपशीलवार जबाब द्यावा, असं म्हटलं आहे. त्याला उशिराचा खर्चही बसवला.

मॅडम जिना उतरताना म्हणाल्या, सांगितलं होतं ना काका. त्यांना यातला तात्त्विक विजय दिसत नाही.

पीयूषला फोन करून कळवलं. तो मीटिंगमध्ये होता.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.
समोरचं दार लावून मागच्या अंगणात बसलो. मागच्या बाजूने ताजणेंकडची पोरं ओरडत होती. भिंतीवरून पुरणपोळीचं ताट आलं, थेट हातात. पलीकडे वहिनी टाचा उंचावून उभ्या असणार, फक्त बांगड्या दिसल्या. म्हणाल्या, भाऊजी, असं भिंतीवरून द्याले बरं नाही वाटत. समोरून या ना एक डाव.

हक्क राखून, असं मी मोठ्याने म्हटलं. बांगड्या भिंतीखाली गेल्या.

२३ मार्च, रविवार.
कपाट उघडलं. बंद केलं. उन्हाळ्यात कपडे काढले तर धूळ बसते, पावसाळ्यानंतर पाहू.

११ एप्रिल, शुक्रवार.
रत्नाचं वर्षश्राद्ध. पीयूष आणि सूनबाई दोन दिवसांसाठी आले. गुरुजी वेळेवर. पात्रं पाच. बाबाराव आणि वहिनी आमच्या समोरच्या दाराने आले, खाली बसले, जेवले. त्यांना आमच्याकडे समोरून येण्यात अडचण वाटत नाही, ही बाब टिपून ठेवली आहे, युक्तिवादात उपयोगी पडेल.

काही वाटलं नाही. पीयूष रात्री कपाटापाशी उभा होता. मी म्हटलं, ते केस झाल्यावर.

बी.पी. घेतलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार. दुपारी १.
सुधारित लेखी जबाब मिळाला. नऊ पानं! आता कसा लायनीवर आला! दीडाची नऊ झाली ती केवळ माझ्या अर्जामुळे. मॅडम म्हणाल्या, काका, घरी जाऊन वाचा, शांतपणे. हवं तर मी येते सोबत. कशाला? कूलर लावला, लाल पेन घेतला. वाचायला बसतो.

त्याच दिवशी. संध्या. ६.
परिच्छेद १ ते ६: घरं, ले-आउट, नकाशा. शुद्धलेखनाच्या अकरा चुका.

परिच्छेद ७: सदर फाटक प्रतिवादीने सन २००३ मध्ये वादीची पत्नी रत्नप्रभाबाई यांच्या विनंतीवरून, फक्त त्यांच्यासाठी बसविले. वादी या फाटकातून एकवीस वर्षांत एकदाही आलेले नाहीत.

परिच्छेद ८: रत्नप्रभाबाई रोज दुपारी दोन ते पाच प्रतिवादीचे घरी मागच्या खोलीतील दिवाणावर झोपत असत. कारण विचारले असता त्या सांगत की, घरी ‘हे’ लिहिलेले कागद मोठ्याने वाचून दाखवतात व मध्ये मध्ये विचारतात, त्यामुळे डोळा लागत नाही.

परिच्छेद ९: मार्च २०२४ मध्ये, आजार वाढल्यावर, रत्नप्रभाबाई यांनी प्रतिवादीचे पत्नीस सांगितले की, “माझ्यामागे हे फाटक बुजवून टाका. उघडं राहिलं तर ते रोज दोनला खुर्ची टाकून त्याच्याकडे पाहत बसतील. त्यांना समोरून बोलवा. तेवढ्यानं तरी घराबाहेर पडतील.”

परिच्छेद १०: त्याप्रमाणे प्रतिवादीने फाटक बुजविले व वादीस समोरच्या दाराने जेवणास येण्याबाबत वेळोवेळी तोंडी कळविले. वादी आले नाहीत.

बाकी पानं वाचली नाहीत. खुर्ची अंगणातच राहिली होती, सकाळपासून.

२९ एप्रिल, मंगळवार.
नोंद नाही.

३० एप्रिल, बुधवार.
नोंद नाही. ४५ अंश.

२ मे, शुक्रवार.
सावरलो. हा सगळा बनाव आहे. मयत व्यक्तीच्या तोंडी काहीही घालता येतं. प्रत्युत्तर द्यायचं, परिच्छेदवार, एकेक गोष्ट वेगवेगळी नाकारून. कोर्टाने सुट्टीनंतरची तारीख दिली आहे. भरपूर वेळ.

परिच्छेद ७ पासून सुरुवात. वादी फाटकातून आला होता याची उदाहरणं काढायची. सन २०१४, पाहुणे आले म्हणून रत्नाला हाक मारायला फाटकापर्यंत गेलो होतो. उजवा पाय पलीकडे पडला असावा. साक्षीदार नाही.

दुसरं उदाहरण आठवलं नाही.

तरी परिच्छेद ७ नाकबूल, असं लिहिलं. पायाचा उल्लेख केला.

६ मे, मंगळवार.
परिच्छेद ८. वादीची पत्नी वाचन लक्षपूर्वक ऐकत असे. असं लिहिलं. मग आठवलं की नोकरीत असतानाचा बदलीविरुद्धचा अर्ज, बावीस पानांचा, तिला चार रविवारी दुपारी वाचून दाखवला होता. शेवटी विचारलं, कसा वाटला? ती म्हणाली, छान आहे, कोणाला पाठवायचाय? मी तेव्हा हसलो होतो. मला वाटलं, गंमत करते आहे.

सुखीबाईला विचारलं, बाई तिकडे खरंच झोपायच्या का? ती कणीक मळत होती. म्हणाली, तुमाले ठावूक नव्हतं का बाबूजी? अख्ख्या गल्लीले ठावूक होतं. मी चार वाजता भांड्याले गेलती का वहिनीसायेब मले बोट दाखवे, आवाज नोको करू, बाई झोपल्या हायेत.

परिच्छेद ८ नाकबूल. का नाकबूल, ते नंतर लिहू.

१५ मे, गुरुवार.
स्थळपाहणी बंद केली आहे. ऊन फार. दोनच्या सुमारास आतल्या खोलीत बसतो. तिथूनही भिंत दिसते.

संकल्प कोणताही नाही.

१ जून, रविवार.
पीयूषचा फोन. केस कुठपर्यंत आली, विचारत होता. सांगितलं, मजबूत स्थितीत आहे. मग त्याला विचारलं की आई दुपारी कुठे झोपायची? तो पटकन म्हणाला, ताजणेकाकूंकडे, का? शाळेतून आलो की मी आधी तिकडेच जायचो.

केव्हा ठेवला फोन, कळलं नाही.

१० जून, मंगळवार.
मॅडम घरी आल्या. प्रत्युत्तर टाइप करायचं होतं. परिच्छेद नऊचं काय लिहू, म्हणाल्या. मी म्हटलं, कोरा ठेवा तूर्त. त्या म्हणाल्या, नुसतं ‘खोटं आहे’ असं तरी लिहू या. मी म्हटलं, तो मोघम नकार होईल.

त्या ओट्यावरच्या वाट्यांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, काका, काळजी करू नका, वादीने एखाद्या मुद्द्याला प्रत्युत्तर दिलं नाही म्हणजे तो कबूल झाला, असं होत नाही. कायद्याने नाही होत.

कायद्याने नाही होत. माझ्या अर्जाचं शेवटचं वाक्य त्यांना पाठ असावं, पण त्यांनी ते काढलं नाही. चांगली मुलगी आहे. अनुभव कमी, असं मी लिहिलं होतं. ते खोडतो.

१६ जून, सोमवार. रात्री ८.
उद्या तारीख. प्रत्युत्तराची प्रत प्रतिवादीला आजच द्यावी, असं ठरवलं. ती वकिलामार्फत जाते हे मला माहीत आहे. तरी.

वाट्या धुऊन घेतल्या. सगळ्यांत थोडी थोडी साखर घातली, दुसरं घरात काही नव्हतं. पिशवीत घातल्यावर ती साखर एकमेकींत सांडणार, हे रस्त्यात लक्षात आलं. दोनला निघालो. समोरून. घड्याळ लावून पाहिलं, सात मिनिटं नाही लागत, चार लागतात. कॅमेरा नाही. दाराशी तुळस आहे आणि एक मोडकी सायकल.

वहिनींनी दार उघडलं. पिशवी घेतली. बाबाराव आत घोरत होता. मी म्हटलं, प्रत द्यायची आहे. त्या म्हणाल्या, ते उठतीन चार-पाचले. तवरक पडा जरा, उन्हाचं आले.

मागची खोली. दिवाण भिंतीला लागून, वर खिडकी. खिडकीतून आमच्या बाजूची भिंत दिसते, विटांचा तो चौकोन या अंगाने गिलावा करून घेतला आहे. नीट केलं आहे काम. बसलो. वहिनींनी उशी आणून दिली, म्हणाल्या, ही त्याईचीच, कोनाले देत नाही मी. उशी अगदी पातळ होती, कापडाची घडी म्हणावी इतकी. आमच्याकडे सगळ्या उशा जाड, कापसाच्या, चांगल्या दुकानातून मीच आणलेल्या. अडतीस वर्षं ती जाड उशीवर झोपली. कधी बोलली नाही. किंवा बोलली असेल, मी वाचत असेन.

तिथं मला रडू आलं. वर्षभरात पहिल्यांदा. वहिनी आत निघून गेल्या आणि त्यांनी दार पुढे ओढून घेतलं. मग कधीतरी डोळा लागला.

पाचला चहा दिला त्यांनी. बाबाराव समोरच्या खुर्चीवर बसून होता, पेपर नव्हता हातात, काही नव्हतं. म्हणाला, उद्या तारीख हाये ना भाऊ? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मंग संगच जाऊ, ऑटो सांगतो. चहात साखर जास्त होती. वाट्यांतलीच असेल.

प्रत द्यायची राहून गेली. घरी येऊन पुन्हा पाहिली. बाकी सगळे परिच्छेद नाकबूल केले आहेत, पायासकट. नऊला काही लिहिलं नाही.